काकांचं ‘वर्ड’ बदलताना

पुतण्या रविवारी येतो, सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकासमोर बसतो, लिबरऑफिस उतरवून घेतो, बसवतो, चहा पितो आणि “काका, झालं बघा, आता एक पैसा खर्च नाही” असं सांगून निघून जातो. सोमवारी सकाळी सचिवकाकांचा फोन येतो. “अरे, माझं वर्ड कुठं गेलं? आणि गेल्या सभेचं इतिवृत्त उघडलं तर सगळ्या मराठीखाली लाल रेघा. व्हायरस शिरलाय का?” बुधवारपर्यंत काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बोलावून जुनं ऑफिस परत टाकून घेतलेलं असतं, आणि ‘फुकटातलं काही खरं नसतं’ हे मत तिन्ही इमारतींत पोचलेलं असतं.

यात सॉफ्टवेअरचा दोष थोडा असतो, काकांचा अजिबात नसतो. नवख्या माणसाला मुक्त स्रोत ऑफिसवर नेणं हे शिकवण्याचं काम आहे असं आपण धरून चालतो. खरं तर ते तयारीचं काम आहे. माणूस खुर्चीत बसण्याआधी काय काय जागेवर लावून ठेवलं, यावर बहुतेक सगळं ठरतं, आणि ते लावून ठेवणं मदत करणाऱ्याच्या वाट्याचं असतं, शिकणाऱ्याच्या नव्हे.

हा विषय आत्ताच निघायला एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचाही. ही सॉफ्टवेअरं चालायची थांबली नाहीत, पण सुरक्षेची नेहमीची ठिगळं मिळणं बंद झालं. आपल्याकडच्या सोसायट्या, पतसंस्था, छोट्या शाळा, वाचनालयं यांच्या टेबलांवर नेमक्या याच आवृत्त्या असतात. आता एक तर दरवर्षी पैसे भरून मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्यायचं, नाही तर एकरकमी नवी आवृत्ती घ्यायची. तिसरी वाट सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी मोठ्याने बोलत नाही: दुकानदाराने ‘ॲक्टिव्हेट करून’ दिलेली प्रत. ते ॲक्टिव्हेट करणारं हत्यार चालावं म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या संगणकात दीडशे सभासदांची नावं, फोन नंबर आणि थकबाकी आहे, त्यावर अँटिव्हायरस बंद करून कुणातरी अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चालवायचा, याचा विचार फार थोडे जण करतात. चौथी वाट मुक्त स्रोत ऑफिसची.

मुक्त स्रोत म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो असं सॉफ्टवेअर. लिबरऑफिस असं आहे. फुकट मिळतं ते सगळं असं नसतं, हे इथे स्पष्ट केलेलं बरं. गूगल डॉक्स वापरायला पैसे पडत नाहीत, पण त्याचा कोड गूगलकडे आणि आपली फाइलही त्यांच्याच सर्व्हरवर. डब्ल्यूपीएस ऑफिसची मोफत आवृत्ती मिळते, तीही बंद कोडाची. झोहो भारतीय कंपनी आहे, तिचं रायटर चांगलं आहे, पण स्वदेशी असणं आणि मुक्त स्रोत असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ओन्लीऑफिस मात्र मुक्त स्रोत आहे आणि दिसायला मायक्रोसॉफ्टच्या बरंच जवळ जातं. कुणाला लिबरऑफिस अगदीच पचलं नाही, तर ते दाखवून बघायला हरकत नाही.

लिबरऑफिसचा वंशवृक्ष लांबचा आहे. जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग गावात १९८५ मध्ये मार्को बॉरीस नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि २००० साली त्याचा कोड खुला केला. ते ओपनऑफिस. २०१० च्या सुरुवातीला सन कंपनीच ओरॅकलने घेतली, तेव्हा ओपनऑफिसवर काम करणाऱ्या बऱ्याच मंडळींचा धीर सुटला. त्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात कोड उचलून वेगळी चूल मांडली आणि लिबरऑफिस जन्माला आलं. आज ते बर्लिनमध्ये नोंदलेल्या द डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली आहे. ओरॅकलने उरलेलं ओपनऑफिस २०११ मध्ये अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं.

हा इतिहास नवख्याला सांगायची गरज नाही, पण मदत करणाऱ्याला एका कारणासाठी माहीत हवा. कुठेतरी ‘ओपनऑफिस’ हे नाव ऐकलेला माणूस तेच शोधतो आणि अपाचेचं ओपनऑफिस उतरवून घेतो. त्याची ४.१ ही आवृत्ती २०१४ सालची; तेव्हापासून किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे ते फारसं हललेलं नाही. वर्डची आजची डॉकएक्स फाइल ते उघडतं, पण त्या प्रकारात साठवू शकत नाही. तिथून निराश होऊन परतलेल्या माणसाला ‘अहो, ते नव्हे, हे’ म्हणून पुन्हा वळवणं महाकठीण.

मोठ्या संस्थांनी हा बदल केला तेव्हा काय झालं, ते थोडं बघू, कारण त्यांच्याकडून एक साधी गोष्ट उचलण्यासारखी आहे: क्रम. फ्रान्सच्या जांदार्मरी या निमलष्करी पोलीस दलाने २००५ च्या सुमारास विंडोज तसंच ठेवून फक्त ऑफिस बदललं. पुढे फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम आणला. कर्मचाऱ्यांचे हात या तिन्हींवर बसल्यावर, २००८ पासून, खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलून उबुंटू लिनक्स आणायला सुरुवात केली. तोपर्यंत रोजच्या कामातली सगळी चिन्हं ओळखीची झाली होती, त्यामुळे खालचं बदललं तरी वरचं तेच राहिलं. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर लिबरऑफिस आणायचं ठरवलं, तेव्हाही आधी ऑफिस आणि लिनक्स नंतर हाच क्रम धरला. आपल्याकडचा उत्साही पुतण्या मात्र एकाच रविवारी विंडोज काढून लिनक्स टाकतो, ऑफिस बदलतो, ब्राउझर बदलतो आणि वर डेस्कटॉपचं चित्रही बदलतो.

म्युनिकचं उदाहरण नेहमी उलट्या बाजूने दिलं जातं. त्या शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक नेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. त्यातलं राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. नगरपालिकेच्या खात्याखात्यांत वर्षानुवर्षं साठलेले पत्रांचे नमुने, अर्ज, मॅक्रो (म्हणजे फायलीतच भरलेले छोटे प्रोग्रॅम) यांनीच त्यांचा सगळ्यात जास्त घाम काढला. ते सांभाळायला त्यांना वोलमक्स नावाचं वेगळं साधन लिहावं लागलं. ऑफिस बदलणं म्हणजे आधीचे कागद बदलणं, ही गोष्ट तिथे मोठ्या प्रमाणावर दिसली. सोसायटीच्या ऑफिसात ती लहान प्रमाणावर दिसते.

केरळच्या सरकारी शाळांची गोष्ट वेगळीच. तिथे २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने पुढे शाळांमधले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. मुलांनी पहिल्यांदा संगणक पाहिला तोच लिनक्सवर, त्यामुळे त्यांना काही सोडायचंच नव्हतं. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या वर्गांतून गेलेल्या पिढ्यांच्या बोटांत वर्ड-एक्सेल मुरलेलं आहे. त्यांना नवं शिकायचं नाही, जुनं विसरायचं आहे, आणि ते जास्त अवघड.

म्हणून पहिलं काम लिबरऑफिस उतरवणं हे नाही. काकांच्या शेजारी बसून ते आठवडाभरात नेमकं काय करतात, ते बघायचं. बहुतेकांचं जग फार छोटं असतं. सभेची नोटीस, इतिवृत्त, देखभाल शुल्काचा तक्ता, थकबाकीची पत्रं, पार्किंगची यादी, ना हरकत दाखल्याचा नमुना. एवढ्या पाच-सहा फायली. त्या पेन ड्राइव्हवर घ्याव्यात, आपल्या संगणकावर लिबरऑफिसमध्ये उघडाव्यात, एकेक छापून मूळ कागदाशेजारी ठेवावी. कुठे ओळ पुढच्या पानावर गेली, कुठे तक्त्याची रेघ हलली, सोसायटीचा नोंदणी क्रमांक असलेलं वरचं पत्रशीर्ष बरोबर बसलं का, हे सगळं आपण दुरुस्त करून ठेवायचं. काका नव्या रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये, पहिल्यांदा जी फाइल उघडतील, ती त्यांचीच असावी आणि जशीच्या तशी दिसावी. कोरं पान दाखवून ‘आता इथे काहीही लिहा’ म्हणणं हा नवख्याला घाबरवण्याचा खात्रीचा उपाय आहे.

याच टप्प्यावर एक कटू निर्णयही होऊन जातो. ज्या फायलींत मॅक्रो आहेत त्या बाजूला काढाव्यात. लिबरऑफिसला एक्सेलचे काही मॅक्रो समजतात, सगळे नाहीत. जीएसटी आणि आयकर खात्यांनी वेळोवेळी दिलेली बरीच ऑफलाइन साधनं म्हणजे मॅक्रो भरलेल्या एक्सेल फायलीच आहेत आणि ती खऱ्या एक्सेलशिवाय नीट चालत नाहीत. सीए किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात सगळे संगणक लिबरऑफिसवर न्यायचा हट्ट धरू नये. एका संगणकावर रीतसर विकत घेतलेलं एक्सेल ठेवावं, बाकीच्यांवर पत्रव्यवहार आणि तक्ते लिबरऑफिसमध्ये करावेत. मुक्त सॉफ्टवेअरचे कडवे पुरस्कर्ते यावर नाक मुरडतील, मुरडू देत. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी अडकलेला माणूस पुन्हा कधी तुमचं ऐकणार नाही.

आता लाल रेघांकडे येऊ, कारण मराठी माणसाचा बदल बहुतेक इथेच फसतो.

लिबरऑफिस लिपींचे तीन गट मानतं: रोमनसारख्या पाश्चात्त्य लिपी, चिनी-जपानी-कोरियन, आणि अक्षरांची जुळणी करावी लागणाऱ्या लिपी. अरबी, थाई यांच्यासह देवनागरी या तिसऱ्या गटात येते. तिथे त्याला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणतात. प्रत्येक गटाचा फॉन्ट वेगळा, आकार वेगळा, भाषाही वेगळी. ही रचना विचार करून केलेली आहे, पण ती ठाऊक नसलेल्याला वेड लागायची पाळी येते. नोटिशीतल्या इंग्रजीचा आकार १४ केला तर मराठी १२ वरच राहते. शिवाय या तिसऱ्या गटाची भाषा बऱ्याच ठिकाणी आपोआप हिंदी धरलेली असते. मग शुद्धलेखन तपासणारा काकांचं अस्सल मराठी इतिवृत्त हिंदी शब्दकोशाशी ताडून पाहतो आणि ‘सभासदांनी’पासून ‘मंजूर झाला’पर्यंत बऱ्याच शब्दांना चूक ठरवतो. यालाच काका व्हायरस म्हणतात.

उपाय पाच मिनिटांचा आहे, पण तो आपण करून ठेवायचा. टूल्स मेनूत ऑप्शन्स उघडायचं, त्यात भाषा आणि लोकेलचा विभाग. कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण आहे का बघायचं आणि त्यापुढची भाषा मराठी करायची. मराठी शब्दसंग्रह बसलेला आहे का तेही तपासायचं; नसेल तर लिबरऑफिसच्या एक्स्टेन्शनच्या संकेतस्थळावरून तो घेता येतो. मराठीची रूपं इतकी की कुठलाच संग्रह पुरा पडत नाही. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं लागून एकेका नामाची डझनावारी रूपं होतात. तेव्हा नवख्यासाठी सुरुवातीला टंकताना होणारी शुद्धलेखन तपासणी बंदच ठेवलेली बरी, असं माझं मत आहे. लाल रेघ ही सूचना आहे, दोष नाही, हे कळायला थोडा सराव लागतो.

त्याच ठिकाणी लोकेलही, म्हणजे कोणत्या देशाच्या पद्धती पाळायच्या तेही, ठरवायचा. तो अमेरिकेचा राहिला तर नवी फाइल ए-फोर ऐवजी लेटर आकाराच्या कागदावर उघडते आणि छापताना खालची ओळ कापली जाते. तारीख उलटी पडते, ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. लोकेल भारताचा ठेवला की कॅल्क, म्हणजे लिबरऑफिसचा तक्त्यांचा प्रोग्रॅम, स्वल्पविरामही लाख-कोटीच्या हिशेबाने टाकतं, १२,३४,५६७ असे. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे एक सेटिंग दाखवलं तरी त्याचा चेहरा खुलतो.

मग रायटरच्या विभागात बेसिक फॉन्ट्स. तिथे मराठीसाठी नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्ता निवडून इंग्रजीच्या आकाराशी जुळवून घ्यावा. दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, कुठल्याही संगणकावर टाकता येतात. काकांची सगळी कागदपत्रं मंगल फॉन्टमध्ये असतील तर मात्र विंडोजवर मंगलच राहू द्यावा. एका वेळी एकच बदल.

इथवर सगळं युनिकोडमधल्या, म्हणजे संगणक मराठी म्हणूनच ओळखतो अशा, मराठीबद्दल झालं. खरा गुंता जुन्या फायलींचा. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव या फॉन्टांत लिहिलेल्या वीस-वीस वर्षांच्या फायली आपल्या संस्थांच्या संगणकांत पडून आहेत. या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट संगणकावर असला तर मराठी दिसते, नसला तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. लिबरऑफिसवर आल्याने या फायली बिघडत नाहीत. तोच फॉन्ट विंडोजमध्ये असेल तर रायटरमध्येही त्या तशाच दिसतात. पण बहुतेक वेळा ऑफिस बदलताना संगणकही नवा घेतलेला असतो, जुना फॉन्ट मागे राहतो आणि खापर नव्या ऑफिसवर फुटतं.

या फायली युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने: आधी क, मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. ‘सर्व’मधला रफार जुन्या पद्धतीत व नंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी आणि व नंतर. रूपांतर करणारा प्रोग्रॅम हे क्रम उलटेपालटे करतो, आणि जिथे जोडाक्षर, रफार आणि वेलांटी एकाच ठिकाणी भेटतात तिथे हमखास घसरतो. म्हणून ‘कार्यकारिणी’, ‘निर्मिती’, ‘आर्थिक’ असे शब्द रूपांतरानंतर मुद्दाम शोधून बघावेत. सगळ्या जुन्या फायली बदलायच्या नादी लागू नये. दरवर्षी लागणारे नमुने तेवढे युनिकोडमध्ये आणावेत, बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवावी. पंधरा वर्षांपूर्वीचं इतिवृत्त वाचायचं असतं, त्यात दुरुस्ती करायची नसते.

टंकण्याची पद्धत मात्र अजिबात बदलत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक असो वा बोलल्यासारखं रोमन अक्षरांत लिहायची सोय असो, ती विंडोजची असते, ऑफिसची नव्हे. हे काकांना पहिल्याच दिवशी सांगावं, त्यांचा अर्धा धसका तिथेच जातो.

दिसण्याचं थोडक्यात. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये मेनू काढून वरची ती रुंद पट्टी आणली. ज्यांचा हात त्या पट्टीवर बसला आहे त्यांच्यासाठी लिबरऑफिसमध्ये व्ह्यू मेनूतून युजर इंटरफेस निवडून टॅब्डवर खूण करावी. बरंचसं ओळखीचं वाटू लागतं. जे ऑफिस २००३ वर संगणक शिकले ते लोक जुन्या मेनूंच्या मांडणीने उलट खूश होतात. साठच्या पुढच्या कितीतरी जणांना लिबरऑफिस वर्डपेक्षा सोपं वाटतं, ते त्यामुळेच. डेस्कटॉपवर रायटर आणि कॅल्क यांची वेगळी चिन्हं ठेवावीत, आणि डॉकएक्स फाइलवर दोनदा टिचकी मारली की रायटरच उघडेल असं विंडोजला सांगून ठेवावं. काही जण रायटरच्या चिन्हाखाली चक्क ‘वर्ड’ असं नाव टाकतात. तसं करू नये. पुढे फोनवर मदत मागताना समोरचा माणूस खरंच वर्ड समजून सांगत बसतो.

मेनू मराठीत ठेवायचे का? लिबरऑफिस तशी सोय देतं. ज्याने आयुष्यात संगणक पाहिला नाही त्याच्यासाठी जरूर करून बघावं. पण ‘फाइल’, ‘सेव्ह’, ‘प्रिंट’ हे शब्द ज्याच्या तोंडी रुळले आहेत त्याच्यासाठी नको. घरातला मदत करणारा पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेला असतो, त्याच्या डोळ्यांसमोर इंग्रजी मेनू असतात, आणि फोनवर दोघांची गाठच पडत नाही.

फाइल कोणत्या प्रकारात साठवायची यावर मतं टोकाची आहेत. लिबरऑफिसचा स्वतःचा प्रकार ओपन डॉक्युमेंट. तो २००६ मध्ये आयएसओचं मानक झाला आणि त्याची व्याख्या कुणालाही वाचता येते. मायक्रोसॉफ्टच्या प्रकारालाही २००८ मध्ये सदस्य देशांच्या मतदानातून मानकाचा दर्जा मिळाला. त्या मतदानात भारताने विरोधात मत दिलं होतं. तत्त्व म्हणून ओपन डॉक्युमेंटच बरोबर, पण काकांची फाइल उद्या उपनिबंधकांच्या कार्यालयात, परवा लेखापरीक्षकाकडे जाते. तिथे ओपन डॉक्युमेंटची ओडीटी फाइल पोचली की फोन येतो, ‘तुमची फाइल उघडत नाही.’ म्हणून सुरुवातीला ऑप्शन्समध्ये लोड-सेव्हच्या विभागात नेहमी डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्समध्येच साठव असं ठरवून द्यावं. त्याच जागी, साठवताना ‘हाच प्रकार ठेवू का’ म्हणून दरवेळी विचारणारी खिडकीही बंद करावी. नवख्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो आधी उत्तर शोधत नाही, आपण काय बिघडवलं ते शोधतो.

बाहेर पाठवायचा कागद बदलायचा नसेल तर पीडीएफ पाठवावी. वरच्या पट्टीवर तिचं बटण आहे. लिबरऑफिसची एक गंमत इथे फार कामाची आहे. पीडीएफ करताना तिच्या पोटात मूळ ओपन डॉक्युमेंट फाइल भरून ठेवता येते. पाहणाऱ्याला ती साधी पीडीएफ, आणि रायटरमध्ये उघडली तर पुन्हा दुरुस्त करता येणारा कागद. नोटिशींचे नमुने असे ठेवले की दोन-दोन प्रती सांभाळाव्या लागत नाहीत.

वर्डमधल्या फायली इकडे थोड्या हलतात, त्यामागे बहुतेक वेळा फॉन्टच असतो. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया मायक्रोसॉफ्टचे. ते नसतील तर लिबरऑफिस कार्लिटो आणि कॅलाडिया वापरतं, ज्यांच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम तेवढीच ठेवलेली आहे. टाइम्स आणि एरियलच्या जागी लिबरेशन फॉन्ट येतात. त्यामुळे इंग्रजी सहसा जागची हलत नाही. मराठीसाठी अशी जुळी जोडी नाही, म्हणून मंगलमधली फाइल मंगल नसलेल्या संगणकावर उघडली की ओळी सरकतात. स्पेसबार दाबून दाबून रांगेत आणलेले आकडेही सरकतात, पण ते वर्डमध्येही सरकतातच.

कॅल्कमध्ये एक सवय मात्र नक्की अडवते. एका सेलमध्ये २५०० लिहून कोपरा धरून खाली ओढला तर एक्सेल सगळीकडे २५०० उतरवतं. कॅल्क २५०१, २५०२ असं चढत जातं. फ्लॅट क्रमांक लिहिताना हे वरदान, देखभाल शुल्क लिहिताना संकट: पहिल्या सभासदाला २५००, विसाव्याला २५१९. ओढताना कंट्रोल दाबून ठेवलं की सगळीकडे तोच आकडा येतो. दुसरं, बॅकस्पेस. कॅल्कमध्ये तो दाबला की काय काय पुसायचं असं विचारणारी खिडकी येते. गुपचूप पुसायचं असेल तर डिलीट दाबावं. हे दोन फरक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवावेत. पन्नास पानी मार्गदर्शिका कुणी वाचत नाही. याउलट मेल मर्ज, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावं भरून शंभर पत्रं काढणं, लिबरऑफिसमध्ये खरोखरच किचकट आहे. थकबाकीची पत्रं तशी काढायची असतील तर पहिल्या वेळी आपण बसून यादी जोडून द्यावी.

एवढी तयारी झाल्यावर मगच काकांना बसवावं, आणि माउस त्यांच्याच हातात द्यावा. आपण माउस हातात घेऊन ‘हे असं, मग असं’ दाखवलं की त्यांना फक्त आपला वेग कळतो. सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर, कंपन्यांच्या मक्तेदारीवर, परवान्यांवर पहिल्या दिवशी एक शब्दही बोलू नये. विषय महत्त्वाचा आहे, मला आवडतोही, पण ज्या माणसाला संध्याकाळच्या आत पाणीपट्टीची नोटीस लावायची आहे त्याच्यापुढे ते भाषण होतं. नोटीस लिहून, छापून फलकावर लागली की पहिला दिवस संपला. पुढच्या वेळी इतिवृत्त, त्यानंतर तक्ता. अडलेलं काय ते एका वहीत लिहून ठेवायला सांगावं. फोनवर ‘ते मघाशी काहीतरी झालं’ यावरून काहीच उलगडत नाही.

जुनं ऑफिस रीतसर विकत घेतलेलं असेल तर ते लगेच काढू नये. दोन्ही एकाच संगणकावर सुखाने राहतात. एखादी फाइल लिबरऑफिसमध्ये अडलीच तर वर्डमध्ये उघडता येते, हे माहीत असलं की माणूस निवांत प्रयोग करतो. परतीचा रस्ता तोडून टाकला की दर चुकीला घाबरतो. महिना-दोन महिने वर्ड उघडायची वेळ आली नाही, तर ते काढायचं का ते काकांनाच विचारावं. चोरीच्या प्रतीला मात्र ही सवलत नको, आणि तिच्याबरोबर आलेलं ॲक्टिव्हेट करणारं हत्यारही शोधून काढून टाकायचं.

शेवटचं काम अद्ययावत ठेवण्याचं. लिबरऑफिसची मोठी आवृत्ती दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येते आणि २०२४ पासून तिच्या नावात साल-महिना असतो, जसं २४.८ किंवा २५.२. नवख्याच्या संगणकावर ताजी आवृत्ती आली त्याच दिवशी टाकू नये. तिच्या दोन-तीन दुरुस्त्या येऊ द्याव्यात. नव्या आवृत्तीची सूचना पडद्यावर येते, पण ती उतरवून बसवायची कुणीतरी, आणि ते कुणीतरी काका नसतात. म्हणून दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी अशा दोन वेळा ठरवून घ्याव्यात. उतरवताना लिबरऑफिसच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नाही. तिथे पैसे मागत नाहीत, देणगीची विनंती तेवढी असते. ती ऐच्छिक आहे. आणि टेबलावरचा संगणक अजून विंडोज ७ किंवा ८ वर असेल तर २५.८ पासून पुढच्या आवृत्त्या त्यावर चालतच नाहीत. तिथे जुनी आवृत्ती टाकून दिवस ढकलता येतात, पण त्या संगणकाचं काय करायचं हा विषय पुढच्या कार्यकारिणीच्या सभेत घ्यावा लागेल.